वहीतला कारणाचा रकाना

पान उघडेना! वायफायची खूण पूर्ण भरलेली, जिन्यातल्या राउटरचे दिवे हिरवेगार लुकलुकतायत, आणि फोनवर नुसतं गोल गोल फिरतंय. मग कसलंतरी इंग्रजी पान येतंय, त्यावर लाल त्रिकोण, तो बघितला की मी घाबरून मागं जातेय, परत दाबतेय, परत गोल. आणि आज शेवटचा दिवस! फॉर्म पाचपर्यंतच घेणार, नंतर एक वर्ष गेलं. जिन्यातल्या घड्याळात चार पस्तीस झालेले. ह्यांना फोन करावा तर हे चाकणला दुसऱ्या पाळीला, तिथं मोबाईल गेटवरच जमा करून घेतात. चौकातला झेरॉक्सवाला गावाला गेलेला. माझ्या फोनमध्ये नुसता बोलायचा रिचार्ज, कारण घरात वायफाय आहे ना! गॅस बंद केला की नाही ते आठवेना, पोरगी कुठं गेली ते कळेना, घाईत फोन दोनदा हातातून पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा समोरचं दार उघडलं. समोरचे काका. एका हातात लांब स्क्रू ड्रायव्हर, कानावर पेन, बगलेत वही. माझ्याकडं बघितलंच नाही त्यांनी, राउटरकडं बघितलं आणि म्हणाले, "काय बी दाबू नको. मशीनपासून दोन पावलं मागं हो."

मी छातीवर हात ठेवून सांगते, अख्ख्या पिंपळे गुरवात बिघाडावर इतका जीव असलेला दुसरा माणूस नाही. बाकी लोकांना चालू वस्तू आवडतात, काकांना बंद पडलेली. चालू मिक्सरकडं ते ढुंकून बघत नाहीत, पण तोच मिक्सर घरघरला की दार न वाजवता आत. सगळी हयात एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर म्हणून गेली, रिटायर होऊन किती वर्षं झाली, काकी जाऊनसुद्धा चार वर्षं झाली, पण काकांची कंपनी काही सुटली नाही. ती त्यांनी उचलून आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणली. आमची दोनच दारं समोरासमोर, मध्ये जिन्याचा चौकोन, तो काकांच्या भाषेत शॉप, म्हणजे कारखान्यात मशीनं असतात तो भाग. तिथं फरशीवर त्यांनी पिवळ्या रंगाचे पट्टे मारलेत. एक चौकोन माझ्या चपलांचा, एक ह्यांच्या बुटांचा, एक पोरीच्या तीनचाकी सायकलचा. माझी नणंद पहिल्यांदा आली आणि तिनं चपला सायकलच्या चौकोनात काढल्या, तर काका तिला म्हणाले, "पाहुणे, तुमची जागा तिकडं, निळा पट्टा." पाहुण्यांना निळा! भिंतीवर झाडू, सुपली, खराटा, सगळ्याच्या सावल्या काळ्या रंगानं काढून ठेवल्यात, म्हणजे वस्तू जागेवर नसली की तिची रिकामी सावली दिसते. एकदा मी घरात नसताना माझ्या ओट्यामागच्या भिंतीवर लाटण्याची सावली काढून गेले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून लाटणं शोधावं लागलं नाही हेही खरं.

आणि त्यांचा तो लाल पुठ्ठा! "काम चालू आहे, हात लावू नये" असं लिहिलेला, वर भोक पाडून दोरी ओवलेला. कुठलीही वस्तू दुरुस्तीला घेतली की आधी पुठ्ठा लटकवायचा. नळावर, पंख्यावर, डोअरबेलवर. गुडघा दुखायला लागला तेव्हा पुठ्ठा गुडघ्याला बांधून दोन दिवस खुर्चीत बसले होते, कुणी चहाला बोलावलं की बोटानं नुसता पुठ्ठा दाखवायचे. माझं आणि ह्यांचं मागच्या दिवाळीत लई भांडण झालं, तर सकाळी दार उघडलं आणि बघते तर कडीला लाल पुठ्ठा. मला हसू आलं, ह्यांना माझ्याआधी आलं, झालं, मिटलं.

पण सगळ्यात मोठा कारभार त्या जिन्यातल्या घड्याळाचा. आमच्या मजल्यावर जगाची वेळ चालत नाही, काकांची चालते. कंपनीची बस एका मिनिटासाठी थांबत नाही, म्हणून घड्याळ वीस मिनिटं पुढं. नवीन आलो तेव्हा मी विचारलं, काका, सगळ्यांनाच माहीत आहे वीस मिनिटं पुढं आहे, मग फायदा काय? तर म्हणाले, "पोरी, डोक्याला माहीत असतंय, पायाला नसतंय. पाय घड्याळ बघून पळतात." आणि ते खरं निघालं. आमच्या ह्यांचा हातातल्या फोनपेक्षा भिंतीवर विश्वास. हल्ली महिनाभर हे सारखे म्हणत होते, कंपनीची बस उशिरा यायला लागलीय, स्टॉपवर उभं राहून पाय दुखतात. मी म्हणलं, ट्रॅफिक. हिंजवडीच्या बाजूला काय होतं ते आपण बघतोच की. तेव्हा आम्हाला काही संशय आला नाही. माझ्या फोनचं घड्याळसुद्धा काकांनीच मागच्या पावसाळ्यात वीस मिनिटं पुढं करून दिलं होतं. आत कुठंतरी जाऊन एक बटण बंद केलं आणि म्हणाले, "हे नेटवरनं वेळ घेत होतं. नेटला काय कळतंय बस किती वाजता येते!"

तर त्या दिवशी काकांनी पहिलं काम काय केलं? राउटरला लाल पुठ्ठा लटकवला. मी रडकुंडीला आलेली, आणि ते दोरीची गाठ नीट करतायत. हा राउटर आमच्या दोन घरांत मिळून एक, दोन दारांच्या मधल्या भिंतीवर आहे, आणि दर सोमवारी काका त्याला ब्रशनं झाडतात. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक राउटरवर ठेवलं, मुठीचा भाग स्वतःच्या कानाला लावला आणि डोळे मिटले. जुने फिटर असंच करतात म्हणे, मशीनच्या पोटात काय चाललंय ते दांड्यातून ऐकू येतं. मी श्वास धरून उभी. बराच वेळ ऐकून म्हणाले, "बेअरिंग चांगलं हाय."

"काका, ह्यात बेअरिंग नसतं हो!"

"म्हणूनच चांगलं हाय. नसलेलं बिघडत न्हाई."

मग स्विच बंद केला. शंभरपर्यंत मोजायचं म्हणाले. वीसपर्यंत मोजून मी म्हणलं बास, तर त्यांनी परत एकपासून सुरू केलं. दिवे लागले, पाचही हिरवे, फोन जोडला गेला, खूण भरली, दाबलं, गोल. परत ते इंग्रजी, परत लाल त्रिकोण, परत मी मागं. घड्याळात चार पन्नास. मी हिशेब करत होते, वीस मिनिटं पुढं म्हणजे घड्याळात पाच वीस होईपर्यंत माझा जीव आहे.

काकांनी वही उघडली. वही म्हणजे बिघाड-वही, कंपनीतल्यासारखे रकाने पाडलेले. तारीख, मशीन, काय झालं, कारण, उपाय, सही. काकांचा नियमच आहे, पाच वेळा 'का' विचारल्याशिवाय कारण लिहायचं नाही. इकडं प्रत्येक कंपनीत हे चालतं, आमचे हेसुद्धा सांगतात, पण ते कंपनीत. काका वरणालासुद्धा सोडत नाहीत. एकदा माझं वरण करपलं तर पाच का विचारत विचारत ते बिल्डिंगच्या पाण्याच्या मोटरपर्यंत पोचले, खाली जाऊन मोटरचा व्हॉल्व्ह बदलला, आणि खरंच, नंतर वरण करपलं नाही.

"नेट का पाहिजे?" काकांनी पहिला का टाकला.

"काका, ते नाही विचारायचं, नेट का चालत नाही ते विचारा!"

"ऑपरेटरनं सांगायचं न्हाई काय विचारायचं. का पाहिजे?"

"फॉर्म भरायचाय."

"कशाचा?"

"दहावीचा."

"पोर चार वर्षाची हाय तुजी."

"माझा," मी म्हणलं. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते. "बाहेरून बसणारे मी. शाळेचा दाखला गावाकडून कालच आला, म्हणून राहिलं होतं."

काकांचं पेन थांबलं. मला वाटलं हसतील. नाही हसले. "दहावी का राहिली?"

"इंग्रजी गेलं."

"का गेलं?"

"घाबरले, काका. पेपर हातात आला आणि डोळ्यांपुढं नुसत्या मुंग्या. एक ओळ वाचली नाही, कोरा दिला. मग स्थळ आलं."

"नवऱ्याला का न्हाई सांगितलंस? तो काय नको म्हणनार हाय व्हय?"

"ते नाही म्हणणार नाहीत. पण परत नापास झाले तर? सांगितल्यावर नापास व्हायचं म्हणजे दोनदा नापास."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. "ह्याला म्हनतात मूळ कारण," म्हणाले. आणि मला काय रडू आलं म्हणून सांगू! भिंतीला टेकून खालीच बसले, ह्यांच्या बुटांच्या पिवळ्या चौकोनात. समोर घड्याळात पाच वीस झाले. माझ्या डोळ्यांदेखत काटा पुढं सरकला. मी म्हणलं, संपलं काका, राहू द्या, पुठ्ठा काढा. काकांनी पुठ्ठा काढला नाही. त्यांनी आयुष्यात मशीन बंद ठेवून पाळी सोडली नव्हती, ते पुठ्ठ्याकडं असं बघत होते जसं काही त्याचीच चूक.

आणि तेवढ्यात काकांच्या घरातून खी खी खी असं हसणं आलं. माझी पोरगी! ती काकांच्या सोफ्यावर तंगड्या पसरून त्यांच्या टीव्हीवर कार्टून बघत होती. "आजोबा, परत लागलं! मघाशी बंद झालं होतं, आता परत लागलं!"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो. काकांचा टीव्ही ह्याच वायफायवर चालतो. म्हणजे मघाशी आम्ही स्विच बंद केला तेव्हा बंद पडला, चालू केल्यावर लागला. म्हणजे नेट पहिल्यापासून ठणठणीत होतं! काकांनी एका झटक्यात राउटरचा लाल पुठ्ठा काढला आणि दोरी माझ्या मनगटावर अडकवली, फोनसकट. "मशीन चुकीचं धरलं आपण. बिघाड तुज्या हातात हाय. काय म्हनतंय ते?"

"फिरतंय नुसतं."

"फिरून झाल्यावर? काय तरी पान येतंय म्हनालीस ना. काय लिहिलंय त्यावर?"

"इंग्रजी आहे, काका."

"मंग वाच."

"मला नाही येत."

"मला तर एबीसीडीच्या पुढं न्हाई येत. आपल्या दोघांत तूच शिकलेली. वाच, बाळा. मशीन दुपारपासनं वरडून सांगतंय आन ऐकनारं कोन न्हाई."

मी डोळे पुसले आणि वाचलं. एकेक अक्षर जोडून, बोट ठेवून, जसं पोरगी अ आ इ वाचते तसं. युवर. क्लॉक. मग तो लांबडा शब्द, तो मी तीनदा जोडला. बिहाइंड. तो आठवत होता मला, सहावीच्या पुस्तकात मांजर दाराच्या बिहाइंड बसलेलं होतं. घड्याळ मागं आहे!

"मागं?" काका असे दुखावले की काय सांगू. "ह्या मजल्यावर घड्याळ मागं असूच शकत न्हाई!"

पण होतं. मी फोनच्या वरच्या कोपऱ्यात बघितलं, जिथं मी कधीच बघत नाही, कारण आमची वेळ भिंतीवर असते. आणि तारीख बघितली तर एक जानेवारी, आणि सालसुद्धा कधीचं, तेव्हा माझं लग्न नव्हतं, पोरगी नव्हती, मी गावाकडं दोन वेण्या घालून दहावीत बसत होते. काल पोरीनं गाणी लावून लावून फोन पार मारून टाकला होता, रात्रभर तसाच मेलेला, सकाळी चार्जिंगला लावला. फोन उठला तो त्या सालात उठला. आणि एवढ्या मागच्या फोनला आजची पानं उघडून द्यायला ती पानं तयार नव्हती. सेटिंग उघडली, तारीख-वेळ बघितलं, आणि तिथं ते बटण होतं, वेळ आपोआप घ्यायचं. बंद. पावसाळ्यात काकांनी बंद केलेलं, तसंच्या तसं. ते चालू असतं तर फोन सकाळी वायफायला जोडल्याबरोबर आपला आपण नीट झाला असता आणि मी दुपारी फॉर्म भरून भाकरी थापत बसले असते.

मी बटण दाबलं. तारीख उडी मारून आजची झाली. आणि वेळ आली चार एक्कावन्न.

"चार एक्कावन्न!" मी ओरडले. भिंतीवर पाच सव्वीस. वीस वजा केले तर पाच सहा व्हायला पाहिजेत. "काका, हे परत चुकतंय!"

काका खोकले. फरशीकडं बघितलं, पट्ट्याचा एक टवका उडालेला होता तो अंगठ्यानं दाबला, आणि म्हणाले, "न्हाई चुकत. मागच्या महिन्यात तुजा नवरा एकदा बस चुकला. म्हनून मी अजून पंधरा मिनिटं... कुनाला बोललो न्हाई."

हसायलासुद्धा वेळ नव्हता. नऊ मिनिटं होती. पान उघडलं, दाखला यायच्या आधी भरून ठेवलेला अर्धा फॉर्म तसाच होता, दाखल्याचा फोटो काकांनी वही खाली धरून काढायला लावला, उजेड इकडून, बोट बाजूला, शेवटचं बटण दाबताना माझं बोट अडलं तर म्हणाले, "आता का विचारायचं न्हाई, आता दाब." चार सत्तावन्नला नंबर आला. तो नंबर मी काकांच्या वहीवर लिहिला, हातावर लिहिला, आणि भीती म्हणून भिंतीवर झाडूच्या सावलीतसुद्धा पेन्सिलनं लिहिला. अजून आहे तो.

मग चहा झाला. पोरगी दोन बिस्किटं घेऊन परत टीव्हीपुढं गेली. आणि काकांनी वही माझ्यापुढं सरकवली, पेन दिलं. "ऑपरेटरनं भरायची. मी नुसती सही करतो." तारीख लिहिली. मशीन, मोबाईल. काय झालं, पान उघडेना. आणि मग तो कारणाचा रकाना. काका घोट घेत म्हणाले, "पाच का पुरे कर. पान का उघडेना? घड्याळ मागं. का मागं? बॅटरी मेली. बॅटरी मेली की सगळ्यांचेच फोन असे मागं जातात व्हय? न्हाई ना? मंग तुजाच का गेला?"

तिसरा का. त्याचं उत्तर मला माहीत होतं. माझ्यासमोर बसून चहात बिस्किट बुडवत होतं. मी काकांना ओळखते, त्यांच्या तोंडून मी शंभर वेळा ऐकलंय की त्यांच्या हातानं एक मशीन कधी बंद पडलं नाही. काकी गेल्यावर माणूस त्या एका वाक्यावर उभा आहे. खोटं लिहावं तर त्यांच्या वहीत खोटं कुणी लिहिलेलं नाही. आणि दुसरी गोष्ट, त्यांनीच चोरून पंधरा मिनिटं पुढं ठेवली नसती तर मी 'संपलं' म्हणून चार पंचेचाळीसला रडत नव्हते, खरोखरच्या पाचला रडत बसले असते. मी शेवटी लिहिलं, "ऑपरेटर घाबरली. मशीन काय म्हणतंय ते वाचलं नाही." हेही काही खोटं नव्हतं.

काकांनी चष्मा लावून वाचलं. परत वाचलं. माझ्या फोनकडं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. "एवढंच?" म्हणाले.

"एवढंच," मी म्हणलं.

सही केली त्यांनी. रात्री ह्यांना मी सगळं सांगितलं, फॉर्मचंसुद्धा. हे एवढंच म्हणाले, "म्हणजे बस वेळेवरच येत होती!" आणि मग बराच वेळ माझ्या हातावरचा नंबर वाचत बसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर जिन्यात स्टूल होतं, आणि घड्याळ बरोबर होतं. अगदी बरोबर, मिनिटाला मिनिट. काका दिवसभर बाहेर आले नाहीत. मला ते घड्याळ बघवेना, दुसऱ्याच कुणाच्या घरी आल्यासारखं वाटायला लागलं. दुपारी मी स्टुलावर चढले आणि काटा वीस मिनिटं पुढं केला. संध्याकाळी काका बाहेर आले, वर बघितलं आणि सायकलचा चौकोन पायानं झाडला.

आता काका हिंजवडीजवळ माणला लेकाकडं राहायला गेलेत. मोठ्ठी बिल्डिंग, तिथं म्हणे सगळी घड्याळं आपली आपण बरोबर होतात, काहीच बिघडत नाही, काकांना करमत नाही. जाताना वही आणि लाल पुठ्ठा माझ्याकडं देऊन गेले. रविवारी फोन करतात आणि पहिलं हेच विचारतात, "किती पुढं हाय?" मी म्हणते वीस. "इंग्रजी?" मी म्हणते ते अजून थोडं मागं आहे, पण वाचते रोज. पेपरला घाबरले तर असू दे म्हणून लाल पुठ्ठा पर्समध्ये ठेवायचा ठरवलाय.

वही कधी कधी उघडते. त्या पानावर येते आणि थांबते. माझं अक्षर, खाली काकांची सही, आणि सहीच्या शेजारी पेन टेकवून उचलल्याचा एक निळा ठिपका, जसं काही त्यांना अजून काही लिहायचं होतं. तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता, समोर काका चहा पीत बसलेले असते आणि पेन तुमच्या हातात असतं, तर त्या रकान्यात तुम्ही काय लिहिलं असतं?